जगाची पैसेवारी कोण ठरवणार?

जबलपूरच्या रामपूर भागात शक्तिभवन नावाची सरकारी इमारत आहे. मध्य प्रदेशासाठी वीज विकत घेणाऱ्या सरकारी कंपनीचे मुख्यालय तेथे आहे. या इमारतीचे नाव जागतिक हवामान परिषदांच्या वार्तांकनात कधी आलेले नाही आणि येण्याचे कारणही नाही. तरीही गेल्या तीन दशकांत हवामानबदलाच्या प्रश्नावर जगाने नेमके काय साधले आणि काय गमावले, हे समजून घ्यायचे असेल, तर परिषदांच्या जाहीरनाम्यांपेक्षा या इमारतीतील एका खरेदी करारापासून सुरुवात करणे मला अधिक उपयुक्त वाटते.

तो करार रीवा येथील सौर प्रकल्पाचा. जबलपूरहून सुमारे सव्वादोनशे किलोमीटरवर, गुढ तहसिलीतील पडीक जमिनीवर उभा राहिलेला हा ७५० मेगावॅटचा प्रकल्प जुलै २०२० मध्ये राष्ट्राला समर्पित झाला. तेथील सुमारे तीन चतुर्थांश वीज मध्य प्रदेश घेतो, उरलेली दिल्लीच्या मेट्रोला जाते. फेब्रुवारी २०१७ मधील लिलावात या विजेचा पहिल्या वर्षाचा दर युनिटला २ रुपये ९७ पैसे निघाला. २०१० साली राष्ट्रीय सौर मोहिमेच्या पहिल्या लिलावात हाच दर १२ रुपयांच्या आसपास होता. सौर पट्ट्यांच्या किमती जगभर कोसळल्या, हे त्यामागील मोठे कारण खरेच. जर्मनीच्या ग्राहकांनी सुरुवातीची महागडी वर्षे सोसली आणि चीनच्या कारखान्यांनी पुढे उत्पादन प्रचंड वाढवले, त्याचा हा लाभ. परंतु पट्ट्या सर्वांनाच स्वस्त मिळत असताना रीवाचा दर इतरांहून खाली का गेला, याचे उत्तर कागदपत्रांत आहे. वीज घेणाऱ्या कंपनीने पैसे थकवले तर राज्य सरकार ते देईल, अशी हमी करारात होती. वीज वाहून नेण्याच्या अंतर्गत व्यवस्थेसाठी जागतिक बँकेचे कर्ज आणि स्वच्छ तंत्रज्ञान निधीची सवलतीची रक्कम उपलब्ध झाली होती. कोण, कोणाला, किती आणि केव्हा देणे लागतो, हे प्रत्येक बाबतीत आधीच लिहून ठेवलेले होते. जोखीम कमी झाली, म्हणून व्याज उतरले आणि व्याज उतरले, म्हणून दरही उतरला.

आंतरराष्ट्रीय प्रयत्नांचे यश याच जातीचे आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. २०१५ च्या पॅरिस कराराच्या वेळी, त्या काळची धोरणे तशीच चालू राहिली असती, तर शतकाअखेर जगाचे तापमान औद्योगिक काळापूर्वीच्या तुलनेत ३ ते ३.५ अंशांनी वाढेल, असा अंदाज होता. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२५ च्या अहवालात हा अंदाज २.८ अंशांवर आला आहे. देशांनी दिलेली सर्व वचने पूर्ण झाली, तर तो २.३ ते २.५ पर्यंत खाली येतो. दीड अंशाच्या मर्यादेपासून हे अजून फार दूर आहे. २०२४ हे तर दीड अंश ओलांडणारे पहिले कॅलेंडर वर्ष ठरले. तरीही एका दशकात अर्धा-पाऊण अंश वाचवणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. भारतापुरते बोलायचे, तर एकूण वीजनिर्मिती क्षमतेपैकी निम्मी क्षमता जीवाश्म इंधनेतर स्रोतांची करण्याचे २०३० चे उद्दिष्ट आपण जून २०२५ मध्येच गाठले. अर्थात क्षमता आणि प्रत्यक्ष वीज यांत फरक आहे; आजही घरातील दिवा बहुतांशी कोळशावरच लागतो. सिंगरौलीच्या खाणी जवळच असलेल्या या प्रदेशात हे कोणाला सांगावे लागत नाही.

यशाची गोष्ट येथे संपते, कारण विजेला बिल असते. बिल असेल तेथे हमी देता येते, कर्ज उभारता येते, गुंतवणूकदार येतो. ज्या गोष्टीचे बिल फाडता येत नाही, तिचे काय?

मार्च २०२२ आठवावा. हवामान खात्याच्या १२२ वर्षांच्या नोंदींत तितका उष्ण मार्च देशाने पाहिला नव्हता. जबलपूर, पाटण, सिहोरा या पट्ट्यात गव्हाचा दाणा भरण्याचे नेमके तेच दिवस असतात. ओंबी उभी होती, पण दाणा आकसला. त्या हंगामात देशात सुमारे ११ कोटी १३ लाख टन गहू येईल, असा सरकारचा आधीचा अंदाज होता. तो पुढे खाली आणावा लागला आणि १३ मे रोजी निर्यातबंदी आली. शेतकऱ्याचे नुकसान त्यामुळे दुहेरी झाले: पीक घटले आणि युक्रेनच्या युद्धाने चढलेल्या जागतिक भावाचा लाभही हातचा गेला. या उष्म्यात त्याचा स्वतःचा वाटा किती, हे शोधायला सूक्ष्मदर्शकच लागेल. पण त्या आकसलेल्या दाण्याचे देणे कोणाच्याही खात्यावर मांडले गेले नाही.

वाढत्या उष्म्याशी आणि बेभरवशाच्या पावसाशी जुळवून घेण्याच्या उपायांना परिषदांच्या भाषेत अनुकूलन म्हणतात. शब्द नवा आहे, गोष्ट जुनी. जबलपूरमध्ये एकेकाळी बावन्न ताल होते, असे येथील लोक अभिमानाने सांगतात. राणी दुर्गावतीच्या नावाचे राणीताल, तिच्या मंत्र्याच्या नावाचे आधारताल ही गोंड राजवटीने पावसाच्या लहरीपणाला दिलेली उत्तरेच होती. आज त्यांपैकी अनेकांवर वस्त्या उभ्या आहेत, आणि राणीतालचे नाव घेतले की लोकांना क्रीडांगण आठवते. तलाव राखल्याने कोणाला परतावा मिळत नाही, म्हणून त्याला कर्जही मिळत नाही. जगाच्या पातळीवरचे आकडे हेच सांगतात. विकसनशील देशांना २०३५ च्या सुमारास अनुकूलनासाठी दरवर्षी ३१० ते ३६५ अब्ज डॉलर लागतील, असे संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम म्हणतो. २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय सार्वजनिक स्रोतांतून त्यासाठी प्रत्यक्ष आले २६ अब्ज, आधीच्या वर्षापेक्षा कमी. नोव्हेंबर २०२५ मध्ये ब्राझीलच्या बेलेम येथील परिषदेने हा निधी २०३५ पर्यंत किमान तिप्पट करण्यासाठी प्रयत्न करावेत, असे आवाहन केले. तिप्पट नेमका कोणत्या वर्षाच्या रकमेच्या, हे मसुद्यात स्पष्ट नाही. उभी हयात सरकारी मसुदे वाचण्यात घालवलेल्या माणसाला अशी संदिग्धता अपघाताने येत नाही, हे ठाऊक असते.

शिवाय जो पैसा येतो, त्यातील मोठा भाग कर्जाचा. श्रीमंत देशांनी २००९ मध्ये कोपनहेगनला २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलरचे वचन दिले. ते दोन वर्षे उशिरा, २०२२ मध्ये पुरे झाले. त्यातील सार्वजनिक निधीचा दोनतृतीयांशाहून अधिक हिस्सा परतफेडीच्या अटीवर होता. महाराष्ट्रात विदर्भ-मराठवाड्यातील सुमारे पाच हजार गावांसाठी २०१८ पासून राबवण्यात आलेला नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प हा हवामान-अनुकूल शेतीचा देशातील एक मोठा प्रयोग. शेततळी, ठिबक, बियाणे यांचे काम त्यात झाले. पण त्याच्यामागे जागतिक बँकेचे ४२ कोटी डॉलरचे कर्ज होते. दुसऱ्यांच्या धुराने तापलेल्या शेतात सावली करायची आणि त्या सावलीचे व्याजही आपणच भरायचे, असा हा व्यवहार आहे. २०२४ मध्ये बाकू येथे ठरलेले वर्षाला ३०० अब्ज डॉलरचे नवे उद्दिष्ट, तेही २०३५ सालचे, भारताच्या प्रतिनिधीने भर सभेत दृष्टिभ्रम म्हणून नाकारले, त्यामागे हा अनुभव होता.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला येथे याच प्रदेशातील एक जुने प्रकरण आठवते. १८७६ ते ७८ च्या भीषण दुष्काळानंतर नेमलेल्या आयोगाने १८८० मध्ये अहवाल दिला आणि त्यातून दुष्काळ संहिता जन्मल्या. संकट ओळखण्याची चिन्हे त्यांत नमूद होती: धान्याचे भाव चढणे, सावकाराने हात आखडणे, माणसे गाव सोडून भटकू लागणे. चिन्हे दिसली की चाचणीची कामे उघडायची, मजूर येऊ लागले की मदतीची कामे सुरू करायची. दयेवर अवलंबून असलेली गोष्ट प्रथमच नियमात बसवली गेली. मध्य प्रांतातही अशी संहिता होती. आणि तरीही १८९० च्या दशकात सागर, दमोह, जबलपूर या उत्तरेकडील जिल्ह्यांत तांबेरा आणि अवकाळी पावसाने गव्हाची पिके एकामागून एक बुडाली, १८९६ मध्ये पाऊसच गेला, तेव्हा प्रांताच्या शासनाने हात राखून खर्च केला. मदत उशिरा आणि अपुरी पोचली. पुढे १८९८ च्या आयोगाने मध्य प्रांताच्या कारभारावर ठपका ठेवला. मुंबई आणि कलकत्ता यांना जोडणारी रेल्वे १८७० पासून जबलपूरवरून धावत होती. तिच्यामुळे धान्य आणता येत होते, तसेच ते जास्त भाव देणाऱ्याकडे नेताही येत होते. १८९१ आणि १९०१ या दोन जनगणनांच्या दरम्यान प्रांताची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली.

१८९९ मध्ये पाऊस पुन्हा चुकला. या वेळी मात्र मदतकामे लवकर उघडली आणि १९०० च्या पावसाळ्यात प्रांतातील वीस लाखांहून अधिक माणसे सरकारी मदतीवर होती. संहिता तीच, प्रदेश तोच. फरक एवढाच की मागच्या वेळचे अपयश नोंदले गेले होते आणि त्याचा जाब विचारला गेला होता. वसाहतीच्या सरकारचे कौतुक करण्यासाठी मी हे सांगत नाही. त्या सरकारने मजुरांना किती कमी धान्यात जगवता येईल, याचेही प्रयोग केले होते. सांगायचे ते इतकेच, की संहिता असणे आणि संहितेची अंमलबजावणी बंधनकारक असणे, यांत जे अंतर असते त्यात माणसे मरतात.

पॅरिस करार आज त्याच अंतरात उभा आहे. प्रत्येक देशाने आपले उद्दिष्ट आपणच ठरवायचे आणि ते चुकले तर दंड नाही. हवामानाच्या आघाताने झालेल्या हानीबद्दल करारात स्वतंत्र कलम आहे खरे. परंतु कराराबरोबरच्या निर्णयातील ५१ व्या परिच्छेदाने त्या कलमावरून दायित्व किंवा भरपाई मागता येणार नाही, असे लिहून ठेवले. २०२२ मध्ये शर्म अल-शेख येथे हानी-भरपाईच्या निधीला मान्यता मिळाली, पुढच्या वर्षी दुबईत तो सुरू झाल्याची घोषणा झाली. त्यात जमा करायच्या रकमेची वचने २०२५ च्या मध्यापर्यंत ८० कोटी डॉलरच्या आत होती. देणगी ऐच्छिक आहे. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने दुसऱ्यांदा पॅरिस करारातून बाहेर पडण्याचा आदेश काढला, तेव्हा तिला अडवणारे काहीच नव्हते. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेले मत मात्र वेगळ्या दिशेचे आहे. हवामानाचे रक्षण ही राष्ट्रांची कायदेशीर जबाबदारी असून तिचा भंग झाल्यास भरपाईचा प्रश्न उद्भवू शकतो, असे त्यात म्हटले आहे. हा प्रश्न न्यायालयापर्यंत नेणारे राष्ट्र होते प्रशांत महासागरातील वानुआतू, जबलपूर शहराच्या लोकसंख्येहून कितीतरी कमी वस्तीचे. ते मत सल्लात्मक आहे. तरीही ५१ व्या परिच्छेदाला पडलेली ती पहिली भेग आहे, असे मी मानतो.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतील एक प्रसंग अजून मनात आहे. एका अवर्षणाच्या वर्षी पीकपाहणीसाठी मी एका खेड्यात गेलो होतो. गावचा वृद्ध कोटवार दिवसभर माझ्यासोबत बांधाबांधाने हिंडला, एका शब्दाने तक्रार केली नाही. संध्याकाळी जीपपाशी आल्यावर त्याने एकच प्रश्न विचारला, "साहेब, आमचे गाव यादीत येईल ना?" सरकार दयाळू आहे का, साहेबांचे मन द्रवले का, हे त्याने विचारले नाही. तिकडे ज्याला आनावारी म्हणत, तिलाच महाराष्ट्रात पैसेवारी म्हणतात. पीक पन्नास पैशांच्या आत आले, की गाव यादीत जाते. मग सारासूट, कर्जवसुलीला स्थगिती, मुलांची परीक्षा फी माफ. पैसेवारी ठरवताना काय घोळ होतात, हे मला चांगले ठाऊक आहे आणि अलीकडे निकषही बदलले आहेत. तरी त्या कोटवाराला एक गोष्ट पक्की माहीत होती: आकडा एका रेषेखाली गेला, की समोरचा देणे लागतो. जगाच्या हवामान-कारभारात अशी रेषाच नाही.

ती आखता येते आणि तिच्यामागे पैसाही उभा करता येतो, याचा दाखला महाराष्ट्राने दिला आहे. १९७२ च्या दुष्काळात राज्यभर कामे निघाली. १९७३ च्या उन्हाळ्यात त्यांवरील मजुरांची संख्या सुमारे पन्नास लाखांवर गेली. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने आकाराला आलेली रोजगार हमी योजना १९७७ च्या कायद्याने हक्क बनली: मागेल त्याला काम. या कथेतील दुर्लक्षित भाग तिच्या निधीचा आहे. १९७५ मध्ये राज्याने व्यवसाय कर बसवला. मुंबईच्या कार्यालयातील कारकून, बँकेतील अधिकारी, वकील, व्यापारी यांच्याकडून वसूल झालेला पैसा आणि राज्याने त्यात घातलेली तितकीच भर यांतून बीड-उस्मानाबादच्या बांधावरील मजुरी निघू लागली. नोकरदार कुरकुरले असतील. पण पगारपत्रकावरची ती ओळ त्यांच्या मर्जीवर नव्हती. निधी पुढे पडून राहिला, कामांत गैरव्यवहार झाले, हा सारा इतिहास आहेच. तरी देणारा निश्चित, घेणाऱ्याचा हक्क निश्चित, ही चौकट पक्की होती आणि तिच्यातूनच २००५ चा देशव्यापी कायदा पुढे आला.

जगाच्या पातळीवर असा कर कोण बसवू देणार, असे विचारले जाते. ओझोनच्या बाबतीत जगाने याच्या जवळ जाणारी गोष्ट केली आहे. १९८७ च्या माँट्रियल कराराला १९९० मध्ये एका बहुपक्षीय निधीची जोड मिळाली. श्रीमंत देशांनी संयुक्त राष्ट्रांच्या वर्गणीच्या प्रमाणात त्यात पैसे घालायचे, आणि तो खर्च कसा करायचा हे ठरवणाऱ्या समितीत दोन्ही बाजूंचे सदस्य समसमान. म्हणूनच भारत आणि चीन त्या करारात आले आणि टिकले. जहाजांच्या उत्सर्जनावर जागतिक आकारणी करण्याचा आराखडा एप्रिल २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने मंजूर केला होता. ऑक्टोबरमध्ये अंतिम शिक्कामोर्तब व्हायचे, तर अमेरिकेच्या दबावाखाली निर्णय वर्षभर पुढे ढकलला गेला. आणि कर बसवणेच अशक्य असते, तर युरोपीय संघाने १ जानेवारी २०२६ पासून आयात पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियम यांवर कार्बनची सीमा-आकारणी प्रत्यक्षात आणली नसती. आपल्या कारखान्यांच्या धुराचे मोल किलोग्रॅमपर्यंत मोजण्याची यंत्रणा त्यांनी उभारली. त्यातून येणारा महसूल मात्र त्यांच्याच तिजोरीत जाणार. मोजणी जमते, वसुली जमते. अडते ते वाटपापाशी.

याला उत्तर म्हणून भारताकडे बोट दाखवले जाते: आज उत्सर्जनात तिसरा क्रमांक तुमचा, मग तुम्हीही द्या. आपले दरडोई कार्बन उत्सर्जन अजून जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे, हे आपले उत्तर खरे आहे आणि ते देत राहिले पाहिजे. पण न्यायाची भाषा परदेशात बोलणाऱ्याला ती घरीही बोलावी लागते, आणि येथे माझी लेखणी थोडी अडखळते. जबलपूरजवळ नर्मदेवरील बरगी धरण १९९० मध्ये पुरे झाले. जबलपूर, मंडला आणि सिवनी जिल्ह्यांतील १६२ गावांना त्याची झळ बसली. विस्थापितांपैकी मोठा हिस्सा गोंड आदिवासींचा. धरणाची जलविद्युत आपल्या स्वच्छ ऊर्जेच्या हिशेबात आज दिमाखाने मांडली जाते. त्या जलाशयाच्या काठी, मंडला जिल्ह्यातील चुटका येथे १,४०० मेगावॅटचा अणुऊर्जा प्रकल्प योजला आहे, तोही २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाकडे नेणाऱ्या वाटेवरचा. २०१३ मध्ये त्याच्या जनसुनावण्या विरोधामुळे पुनःपुन्हा पुढे ढकलाव्या लागल्या. विरोध करणाऱ्यांत बरगीच्या पाण्याने एकदा उठवलेली कुटुंबे होती, पाणी चढले तसे वरच्या उतारावर सरकून त्यांनी पुन्हा घरे बांधली होती. अणुऊर्जा हवी की नको, हा त्यांचा मुख्य प्रश्न नव्हता. पहिल्या वेळी कबूल केलेले काय मिळाले, त्याचा हिशेब त्यांना आधी हवा होता.